राज्य महामार्गाच्या रुंदीकरणात आमचे अकरा गुंठे गेले: कागद कुठून काढले आणि पैसे कसे आले

गेल्या वर्षभरात पाहुण्यारावळ्यांतल्या आणि शेजारच्या गावांतल्या इतक्या लोकांनी फोन करून तेच तेच विचारलंय की शेवटी एकदाच सगळं लिहून काढतेय. आमच्या शेताच्या कडेने राज्य महामार्ग जातो, त्याचं रुंदीकरण झालं आणि त्यात आमचे अकरा गुंठे गेले. पहिली खूण २०२२ च्या पावसाळ्यात पडली आणि खात्यावर पैसे आले २०२५ च्या उन्हाळ्यात. मी वकील नाही, शहरात नोकरी करते, अण्णांना, म्हणजे वडिलांना, आता ऑफिसांचे जिने चढवत नाहीत म्हणून हे काम माझ्याकडे आलं एवढंच. नियम आणि रेट बदलत असतात, त्यामुळे तुमच्या केसपुरतं वकिलाला विचाराच, पण निदान काय विचारायचं ते यातून कळेल.

आधी रस्ता कसा आहे ते सांगते, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. शहराच्या जकातनाक्यापासून तो निघतो, पहिले काही किलोमीटर सोसायट्या, मंगल कार्यालयं, फर्निचरची गोडाऊनं, मग एमआयडीसी, मग ‘एनए प्लॉट उपलब्ध’ वाले बोर्ड, आणि मग ऊस आणि आमचं गाव. नंबर एकच, रस्ता एकच, पण जागा घ्यायची पद्धत सगळीकडे एकसारखी नाही. शहराच्या हद्दीत रस्ता डीपीमध्ये, म्हणजे विकास आराखड्यात, दाखवलेला असतो, तिथे बरेचदा पैशाऐवजी टीडीआर किंवा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, देतात. हद्द संपली की भूसंपादन. त्यामुळे ऑफिसमधल्या माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीला काय मिळालं आणि आम्हाला काय मिळणार यांची तुलना करून काहीच उपयोग नव्हता, तरी आम्ही दोघी वर्षभर ती करत होतो.

तर २०२२ चा ऑगस्ट. अण्णांचा फोन आला की बांधाच्या आत चिंचेच्या खोडावर लाल पट्टा मारलाय आणि एक जेसीबी येऊन थांबलाय. मी शनिवारी गेले. ठेकेदाराचा सुपरवायझर चांगला मुलगा होता, त्याने सरळ सांगितलं, ताई मला मध्यापासून पंधरा मीटर दिलंय, तेवढं मी साफ करणार. म्हणजे एकूण तीस मीटर रस्त्याची हद्द. आणि डांबरी रस्ता होता सात मीटर. नवा रस्ता दोन्हीकडच्या पक्क्या साइडपट्ट्या धरून दहा मीटर काँक्रीट, त्याच्या बाहेर माती आणि गटार. तीस मीटर कोणी दिले, कधी दिले, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. बांधकाम खात्याच्या ऑफिसात गेले तर तिथे एवढंच उत्तर की राज्य महामार्ग आहे, हद्द तीस मीटर आहे, तुमचं अतिक्रमण आहे.

इथे मुख्य मुद्दा येतो. आमच्या सातबाऱ्यावर पूर्ण क्षेत्र होतं. रस्त्याखालचं क्षेत्र कुठेच वजा नव्हतं. जमीन खरोखर संपादित झाली असेल तर त्याचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे सगळे म्हणतात ते कजाप, झालेलं असतं, फेरफार पडलेला असतो, क्षेत्र कमी झालेलं असतं. रस्त्याला कागदावर राज्य महामार्गाचा दर्जा आहे म्हणून त्याच्या बाजूची जागा आपोआप सरकारची होत नाही. हे मला आधी आमच्याच गावातल्या एका रिटायर्ड सर्कल साहेबांनी सांगितलं, नंतर वकिलांनी.

त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहिला, की गट नंबर अमुक, या गटातून रस्त्यासाठी पूर्वी संपादन झालं असल्यास निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) व कजापची प्रत द्यावी, झालं नसल्यास मोबदला दिल्याशिवाय काम करू नये. एक प्रत बांधकाम खात्याला, एक प्रांत ऑफिसला, एक तहसीलला. आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. पुढच्या तीन वर्षांत त्या शिक्क्यांचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच ओळखीचा झाला नाही. ठेकेदाराने आमचा तुकडा सोडून पुढे काम चालू केलं. भांडण नाही, आडवं पडणं नाही, फक्त अर्जाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. तो म्हणाला बरं झालं, मलाही वर दाखवायला कागद लागतोच.

मग कागद शोधायचा हंगाम. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोक इथेच दमतात.

चालू सातबारा आणि ८अ (खात्याचा उतारा) ऑनलाइन निघतो, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत. जुने फेरफार आणि जुने सातबारे भूमी अभिलेखच्या जुन्या नोंदींच्या साइटवर स्कॅन केलेले आहेत, पण सगळ्या गावांचे नाहीत आणि जे आहेत त्यात काही पानं इतकी पुसट की वाचता येत नाहीत. खरी अडचण वेगळीच. जुनं संपादन झालं असेल तर ते सर्व्हे नंबरवर झालेलं, आणि आमच्याकडे एकत्रीकरण योजनेनंतर (विखुरलेले तुकडे एकत्र करायची सरकारी योजना) सगळे गट नंबर झाले. जुना सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला हे कळायला एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) चा उतारा लागतो. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात मिळतो, आणि मागतानाच टिपण, गुणाकार बुक, फाळणी नकाशा, आकारफोड हे जुन्या मोजणीचे कागद आणि असल्यास कजाप असं सगळं एका अर्जात मागा. नकलांची फी फार नसते, वेळ लागतो. आमच्याकडे दिवाळी त्यातच गेली.

बांधकाम खात्याकडून उत्तर येईना म्हणून माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा, ३० दिवसांत उत्तर, प्रती २ रुपये पान. उत्तर आलं नाही की पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. आमचं अपिलात गेलं. अपिलाच्या सुनावणीत त्यांनी फाइल बघायला दिली, आणि जी गोष्ट पत्रांनी सुटली नव्हती ती त्या जाडजूड कापडी बस्त्यात बघून सुटली. रस्त्याच्या आमच्या पट्ट्यात काही गटांचं साठच्या दशकात रीतसर संपादन झालेलं होतं, निवाडा होता, पैसे घेतल्याच्या अंगठ्यासुद्धा होत्या. आणि आमच्यासकट काही गटांचं काहीच नव्हतं.

का नव्हतं ते अण्णांना विचारलं. १९७२ चा दुष्काळ. अण्णा तेव्हा शाळेत होते. त्या वर्षी दुष्काळी कामावर या रस्त्याची खडी फुटली, आजी कामावर होती, दुपारी मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची आणि पोरं त्यावर तुटून पडायची. आधी जिथे बैलगाडीची वाट होती तिथे रस्ता रुंद झाला आणि आजोबा म्हणाले घ्या. कुणी कागद केला नाही, कुणी मागितलाही नाही. काम मिळत होतं हेच खूप होतं. अण्णांचं मत पडलं की आजोबांनी दिली ती दिली, आता त्याचे पैसे मागायचे कसे. यावर आमच्या घरात बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरवलं की जुन्या डांबरी रस्त्याखालचं सोडून द्यायचं, नव्याने जे जाणार त्याचं मात्र सोडायचं नाही. वकिलांना हे पटलं नाही. त्यांनी २०२० चा विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश हा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, १९६७-६८ मध्ये संपादन न करता रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीचा. त्या बाई ऐंशीच्या घरातल्या, निरक्षर. कोर्टाने सरकारचा उशीर झाल्याचा मुद्दाही मानला नाही आणि आमचा इतकी वर्षं ताबा आहे हाही मानला नाही, मोबदला द्यायला लावला. तर मागायचं असेल तर मागता येतं. आमचा निर्णय आमच्या घरापुरता, तुम्ही तसाच घ्यावा असं नाही.

आणि एक कडू गोष्ट. आमच्या बाजूचे काका आमच्यापेक्षा जास्त जोरात भांडत होते. त्यांच्या गटाचा निवाडा निघाला. त्यांच्या वडिलांनी पैसे घेतले होते, कजापही झालेलं, फक्त सातबाऱ्यावर त्याचा अंमल कुणी दिलाच नव्हता, त्यामुळे पन्नास-साठ वर्षं पूर्ण क्षेत्र दिसत राहिलं. त्यांना झाडांचे आणि नव्या पाइपलाइनचे पैसे मिळतील का यावर अजून चाललंय, जमिनीचे नाही. म्हणून म्हणते, कोर्टात किंवा पेपरात जायच्या आधी आपला कागद स्वतः बघा, तो आपल्या विरुद्धही निघू शकतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत ग्रामसभा झाली, बायपासच्या विषयावर. गावठाणात रस्ता इतका अरुंद आहे की उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या की बाजारपेठ बंद. बायपास काढला तर नव्या लोकांची बागायत चिरली जाणार, नाही काढला तर दुकानांचे ओटे आणि काही घरांच्या पडव्या जाणार. दुकानदारांना ओटे गेले तरी चालत होते पण गिऱ्हाईक गावाबाहेरून जायला नको होतं. शेवटी गावठाणात रुंदी कमी ठेवून बंदिस्त गटार आणि वर फुटपाथ असं ठरलं. मला आजही वाटतं की बायपास पाहिजे होता, दहा वर्षांनी लागणारच आहे, पण त्या सभेत माझं मत विचारायला कुणी बसलं नव्हतं.

संयुक्त मोजणीची नोटीस आली एप्रिलमध्ये. संयुक्त म्हणजे भूमी अभिलेखचा मोजणीदार, बांधकाम खात्याचा माणूस, तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात कुणी म्हणत नाही) आणि आपण. त्या दिवशी काहीही करून घरातलं माणूस जागेवर पाहिजे. काम असेल तर सुट्टी काढा. मोजणीदाराने रोव्हर (मोजणीचं यंत्र) उभा केला, तासाभरात रस्त्याकडेच्या सगळ्या पॉइंटांना खुणा झाल्या. मग बांधकाम, झाडं, विहीर, पाइपलाइन यांची नोंद. यांची मूल्यांकनं वेगवेगळ्या खात्यांची माणसं करतात, फळझाडांचं कृषी, इमारती लाकडाचं वन, बांधकामाचं बांधकाम खातं, आणि ती सगळी एका दिवशी येत नाहीत.

त्या चिंचेचं सांगते. पंचनाम्यात लिहिलं होतं ‘चिंच, १ नग’. एवढंच. मी पंचनामा लिहिणाऱ्याला म्हटलं, खोडाचा घेर लिहा, फळ धरतं का ते लिहा. तो म्हणाला कृषीवाले येऊन बघतील. म्हटलं ते येईपर्यंत झाड राहिलं नाही तर? त्याने टेप काढला, छातीच्या उंचीला घेर मोजला, लिहिला, मी टेपसकट फोटो काढला. पुढे कृषीचे साहेब खरंच चार महिन्यांनी आले, तेव्हा झाड उभं होतं, पण शेजारच्या गटातली आंब्याची दोन झाडं तोवर गेली होती आणि त्यांची नोंद ‘२ नग’ अशीच होती. कलमी की रायवळ, वय किती, सगळं वादात.

पाइपलाइन दिसत नाही म्हणून सुटते. आमची विहीर रस्त्याच्या एका बाजूला आणि निम्मा ऊस दुसऱ्या बाजूला, रस्त्याखालून जुनी पाइपलाइन. ती पंचनाम्यात लिहून घेतलीच, वर वेगळा अर्ज दिला की काँक्रीट व्हायच्या आधी त्या जागी मोठ्या व्यासाचा केसिंग पाइप टाकून द्यावा. एकदा काँक्रीट झालं की तुम्हाला रस्ता खोदायला परवानगी कोण देणार? केसिंग असला की पुढे पाइप फुटला तरी आतून ओढून बदलता येतो. याच अर्जात शेतात उतरायचा रॅम्प आणि मोरीची जागा लिहा. नवा रस्ता जुन्यापेक्षा उंच होतो, मोरी चुकीच्या जागी पडली की पावसाचं सगळं पाणी तुमच्या सरीत. पैशांच्या नादात लोक हे मागायचं विसरतात आणि पैसे एकदाच येतात, पाणी दरवर्षी.

पंचनाम्यावर सही करायच्या आधी रिकाम्या ओळींवर रेघ मारून घ्या, आणि काही पटलं नसेल तर सहीच्या वर ‘हरकत नोंदवून’ असं लिहून खाली कारण लिहा. कुणी रागावत नाही. रागावलं तरी हरकत नाही.

मग शांतता. २०२३ चा पावसाळा, दिवाळी, २०२४ ची लोकसभेची आचारसंहिता. या काळात चौकशीला गेलं की एकच, फाइल वर गेलीय. या थांबण्यात मला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण त्या पट्ट्यात नवीन लागण करावी का नाही हे ठरेना. अण्णांनी शेवटी तिथे मका टाकला.

रिकामा वेळ एका कामाला सत्कारणी लागला, रेट. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम २६ ला बाजारभाव कसा काढायचा ते दिलंय. एकीकडे रेडीरेकनर (सरकारी दरांचा तक्ता), दुसरीकडे मागच्या तीन वर्षांत गावात किंवा जवळच्या गावात तशाच जमिनीचे जे व्यवहार नोंदले गेले त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यातलं जे जास्त ते. त्याला गुणक, शहरी भागात १ आणि ग्रामीण भागात १ ते २ च्या मधलं राज्य ठरवेल ते, आणि राज्याने तो आकडा वेळोवेळी बदललाय, म्हणून तुमच्या तक्त्यात कुठला धरलाय ते बघा. मग झाडं-विहीर-बांधकाम मिळवायचं, आणि या सगळ्याच्या शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे जमिनीचा भाव १० लाख निघाला आणि गुणक २ असला तर २० आणि दिलासा धरून ४०. निवाड्याच्या वाटेने गेलात तर अधिसूचनेपासून बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वेगळे.

तेव्हा सगळा खेळ त्या पहिल्या आकड्याचा. नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर गावाचं नाव, वर्ष आणि गट नंबर टाकून इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) निघतात, ते मी रात्री जेवण झाल्यावर बसून काढले. आमच्या गावात वाईट गोष्ट ही की लोकांनी खरेदीखतं रेडीरेकनरलाच केलेली, उरलेले पैसे तुम्हाला माहीत आहेत कसे दिले जातात. तो ‘वाचवलेला’ पैसा इथे येऊन सगळ्यांना नडला. तरी रस्त्यालगतचे काही चांगले व्यवहार सापडले, ते दर ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीच्या यादीत नव्हते, अर्जासोबत जोडून दिले. त्यातले काही घेतले, प्लॉटिंगचे नाकारले, शेतजमिनीशी तुलना होत नाही म्हणून. रेट थोडा वाढला. फार नाही, पण वाढला.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पत्र आलं, थेट खरेदीला संमती आहे का. म्हणजे निवाडा न करता वाटाघाटीने खरेदीखत, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने ठरवलेल्या दराने, आणि वर २५ टक्के जास्त. समृद्धी महामार्गाच्या वेळी ‘पाचपट’ म्हणून जे गाजलं ते हेच गणित, वरच्या ४० चे ५०. यातली मेख अशी की संमती दिली की वाढीव मोबदल्यासाठी पुढे जाता येत नाही, तसं संमतीपत्रातच लिहिलेलं असतं. निवाडा घेतला तर कलम ६४ खाली दाद मागता येते, पण त्यासाठी पैसे घेताना ‘हक्क अबाधित ठेवून, हरकतीसह’ असं लेखी पाहिजे आणि निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे. आम्ही अण्णांचं वय बघून थेट खरेदी घेतली. क्षेत्र मोठं असतं तर मी बहुतेक निवाडा घेतला असता.

आता आत्या. सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांत अण्णा आणि दोन आत्या. गावात सल्ला देणाऱ्यांची कमी नाही, ‘आत्यांचं हक्कसोड करून घ्या, मोकळे व्हा’. अण्णांना ते बोलायला जड जात होतं आणि मला ते मुळातच पटत नव्हतं. थोरल्या आत्याकडे गेलो, चहा झाला, अण्णा विषय काढेनात. शेवटी मीच म्हटलं, “आत्या, रस्त्याचे पैसे येणारेत, तिघांचे तीन भाग, तुझ्या खात्याचं पासबुक पाहिजे.” ती थोडा वेळ अण्णांकडे बघत बसली आणि म्हणाली, “दादा, तुला काय वाटलं मी कोर्टात जाईन व्हय?” मग उठून पासबुक, आधार, पॅन असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणून दिलं. धाकटी आत्या जरा लांब दिली आहे, तिला सहीच्या दिवशी आणायची होती. सगळे हिस्सेदार एकाच दिवशी सब-रजिस्ट्रारसमोर असलेले बरे, एक जरी कमी असला तरी काम लांबतं, म्हणून आत्यांचे आणि त्यांच्या घरचे कार्यक्रम आधी विचारून तारीख घ्या.

बाकी कागद: वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, पेपरात जाहीर सूचना आणि हरकतींची मुदत, विकास सोसायटीचा बोजा होता म्हणून तिचा ना हरकत दाखला, क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे कुणी दावा केला तर भरपाई आम्ही देऊ असं लिहून देणं). बंधपत्राला आधी शंभरचा स्टॅम्प चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशेचा झाला. बोजा आधीच फेडून सातबाऱ्यावरून कमी करून घेतला तर सोपं जातं, आम्ही दाखल्यावर भागवलं आणि त्यामुळे एक जादा चक्कर झाली. नावांच्या स्पेलिंगचं सांगायलाच नको. धाकट्या आत्याचं सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र.

खरेदीखत झालं २०२५ च्या मार्चमध्ये. वर्षअखेर, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही. दस्तात वाचायच्या तीन गोष्टी: क्षेत्र मोजणीच्या नकाशाप्रमाणेच आहे का, गटाच्या कुठल्या बाजूचं आहे ते चतुःसीमेत स्पष्ट आहे का, आणि झाडं-पाइपलाइनची रक्कम त्यात धरली आहे की वेगळी येणार. ताबा पावतीवर लगेच सही मागतील. सक्तीच्या संपादनात कायद्याचं कलम ३८ सांगतं की पूर्ण मोबदला दिल्यावरच ताबा. आम्ही तेच बोट धरून ताबा पावतीत ‘रक्कम खात्यावर जमा झाल्यावर’ हे शब्द घालून घेतले. पैसे आले मे महिन्यात, तिघांच्या खात्यांवर वेगवेगळे, एकाच दिवशी. अण्णांनी मेसेज दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाले मका काढून घ्या आता.

टॅक्सचं: निवाड्याच्या रकमेला भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे इन्कम टॅक्स नाही, आयकर खात्याचं २०१६ चं ३६ नंबरचं सर्क्युलर त्यावरच आहे. थेट खरेदीत मात्र टॅक्स लागतो का ते जमीन ‘ग्रामीण शेतजमीन’ आहे का यावर ठरतं, हे सीएकडून बघून घ्या. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या बाहेर पाहिजे, अंतर तिथल्या लोकसंख्येप्रमाणे. आमचं गाव त्याच्या बाहेर बसलं. प्लॉटिंगच्या पट्ट्यातली बरीच गावं बसत नाहीत, दिसायला ग्रामपंचायत असली तरी.

पैसे आले म्हणजे संपलं असं वाटतं, पण सातबारा दुरुस्त होईपर्यंत संपत नाही. खरेदीचा फेरफार, मग कजाप, मग गेलेलं क्षेत्र वेगळं होऊन तुमचं उरलेलं क्षेत्र आणि आकार (शेतसारा) नवा. तो अंमल द्यायला मागे लागा, नाहीतर तुमच्या नातवंडांना काकांसारखाच पन्नास वर्षांनी धक्का. आमचा फेरफार मंजूर झाला, कजाप अजून यायचंय. उरलेल्या शेताची हद्द कायम करायला वेगळी मोजणी भरली आहे. १ डिसेंबर २०२४ पासून मोजणीची फी बदललीय, ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २ हजार आणि द्रुतगतीला ८ हजार. आम्ही नियमित भरली, घाई नाही. रस्त्याकडेला पुढे काही बांधायचं मनात असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून किती अंतर सोडायचं ते, नव्या हद्दीप्रमाणे विचारून घ्या, दुकानाचा गाळा काढून बसाल आणि परवानगीच निघायची नाही.

केसिंग पाइप मिळाला, अर्जाच्या शिक्क्यावर मिळाला. मोरी आम्ही सांगितलेल्या जागेपासून थोडी सरकली आहे पण पाणी निघतंय. रॅम्प अजून मुरुमाचाच आहे, उसाची ट्रॉली चढताना मागे घसरते, काँक्रीटचा करून द्या म्हणून तिसरा अर्ज दिलाय, कारखाना चालू व्हायच्या आत झाला तर बरं.